नातेवाइकांचं बुजरं कुत्रं आपल्या घरी सांभाळताना: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

पाहुणं म्हणून आलेलं घाबरट कुत्रं आठवड्या-पंधरवड्यात धीट करून परत पाठवायचा बेत कुणी आखत असेल, तर तो आधीच सोडून द्यावा. एवढ्या दिवसांत दोनच गोष्टी नीट होऊ शकतात. मालकाने महिनोन्‌महिने खपून कुत्र्याला जो धीर दिलाय तो आपल्याकडे मोडू न देणं, ही पहिली. एखाद्या भीतीच्या बाबतीत त्याला एक लहान पाऊल पुढे नेऊन, ते कसं नेलं हे लिहून मालकाच्या हातात देणं, ही दुसरी. आणि कुत्रं घाबरलं की नाही यावरून प्रगती मोजायची नाही. घाबरल्यावर ते किती लवकर सावरतं, यावरून मोजायची. हे मनात पक्कं असलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

माझ्या आतेबहिणीची टिकली पुण्याहून आमच्याकडे जुळे सोलापुरात येते. रस्त्यावरून उचलून आणलेली देशी कुत्री, कपाळावर पांढरा ठिपका, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने अतिशय बुजरी. खाली जे लिहिलंय ते तिला सांभाळताना रोज वापरलेलं आहे. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे डॉक्टरांकडेच जायला सांगितलंय.

हो म्हणण्याआधी

"कशाला घाबरतं?" एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. "घाबरलं की करतं काय?" हे विचारा. कुणी कॉटखाली जाऊन बसतं, कुणी जागच्या जागी थिजतं, कुणी दोरी तोडून पळतं, कुणी जवळ आलेल्या हाताला चावतं. पळणारं आणि चावणारं कुत्रं सांभाळायची तयारी वेगळी लागते. "कधी कुणाला दात लावलाय का?" हे नात्यात विचारायला अवघड वाटतं, पण विचाराच. घरात रांगतं मूल असेल किंवा काठी टेकत चालणारे आजोबा असतील आणि कुत्रं आधी चावलेलं असेल, तर "ताई, या वेळी नाही जमणार" असं स्पष्ट सांगण्यात कुणाचाच अपमान नाही.

ते कधी एकटं राहिलंय का, किती वेळ, आणि राहिल्यावर काय केलं, हे विचारा. कुठलं औषध चालू आहे आणि ते कशातून घेतं, हेही.

मग कॅलेंडर उघडा. ही पायरी लोक हमखास विसरतात. संक्रांतीला गड्डा यात्रा आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी. सोलापूर मिरवणुकांचं गाव आहे आणि आपल्याला त्याचा अभिमानही आहे. पण आवाजाला बुजणारं कुत्रं त्याच आठवड्यात नव्या घरी येणं म्हणजे त्याच्यावर दुहेरी ताण. शक्य असेल तर तारखा बदलायला सांगा. नसेल शक्य, तर निदान मिरवणुकीच्या चार-पाच दिवस आधी कुत्रं घरात येऊन रुळलेलं असू द्या.

नातेवाईक सोलापुरातलेच असतील तर आधी दोन-तीन संध्याकाळी कुत्र्याला नुसतं तासभर घरी आणायला सांगा. मालक शेजारी बसलेला असताना पाहिलेलं घर त्याला पुढे परकं वाटत नाही. पुण्याहून येणार असतील तर अडीचशे किलोमीटरचा प्रवास आहे, गाडीने साधारण पाच तास. अंधार पडायच्या आत पोहोचेल असं बघा, निघताना पोटभर खायला घालू नका, मध्ये थांबताना दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या. आणि मालकाला एक रात्र मुक्काम करायलाच लावा. कुत्रं टाकून उलट्या पावली निघणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

सोबत काय मागवायचं

घरातली अंथरूण-चादर, न धुतलेली. यावर मी अडून बसते, कारण नव्या जागी कुत्र्याला ओळखीचं म्हणून जे काही असतं त्यात वास सगळ्यात मोठा. टिकलीसोबत एक जुनी सोलापुरी चादर येते, जी इथूनच कधीतरी आहेरात पुण्याला गेली होती. ती पसरली की टिकली आधी तिच्या चारही कडा हुंगते, मग मधोमध दोन-तीन गिरक्या घेऊन बसते. ती चादर मुक्काम संपेपर्यंत धुवायची नाही, कितीही मळली तरी.

नेहमीचं खाणं सगळ्या दिवसांचं, वर दोन दिवसांचं जास्तीचं. मापाची वाटीसुद्धा तीच. लसीकरणाचं पुस्तक हवं. रेबीजची लस तारखेत आहे का ते स्वतः वाचून बघा. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस बरा, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकत मान खाली घालून गळपट्टा सहज काढतं. हार्नेस आणि अंग यांत दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा. गळ्यातल्या बिल्ल्यावर मालकाचा नंबर असतोच; त्याच्या जोडीला तुमचा सोलापूरचा नंबर लिहून लावा. मालक परदेशात आणि कुत्रं विजापूर रोडला सापडलंय, अशा वेळी बिल्ल्यावरचा पुण्याचा नंबर कामाचा नाही.

मालकाकडून एक मेसेज लिहून घ्या: गरज पडल्यास उपचाराला माझी संमती आहे, अमुक रकमेपर्यंत न विचारता खर्च करा, माझा फोन लागला नाही तर अमक्याला विचारा. रात्री अकरा वाजता व्हेटसमोर, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांसमोर, उभं राहिल्यावर हा मेसेज फार उपयोगी पडतो. तुमच्या घराजवळचा व्हेट कोण, रात्री कुणाकडे जायचं, हे कुत्रं येण्याआधीच शोधून नंबर सेव्ह करा.

घर तयार करणं

पाहुण्या कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका चावण्याचा नाही, हरवण्याचा आहे. नवं घर, ओळखीचं कुणी नाही, आणि दार उघडं. बुजरं कुत्रं पळालं की हाक मारून येत नाही; तुमची हाक त्याला अजून ओळखीचीच नसते.

म्हणून दोन दारांचा नियम: कुत्रं आणि रस्ता यांच्यामध्ये कायम दोन बंद दारं. फाटक आणि मुख्य दार, किंवा मुख्य दार आणि आतल्या खोलीचं दार. एकच दार असेल तर लहान मुलांसाठी मिळतं तसलं जाळीचं आडवं फाटक लावा. पहिले काही दिवस बेल वाजली की आधी कुत्र्याला आत न्यायचं, मग दार उघडायचं. घरातल्या प्रत्येकाने, अगदी दूधवाल्याला दार उघडणाऱ्या आजींनीसुद्धा.

आपल्याकडे पाणी येण्याचा दिवस ही खास काळजीची गोष्ट. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा सगळं घर एकदम धावतं. मोटर सुरू होते, पाइप ओढले जातात, फाटक उघडं राहतं, शेजारीपाजारी ये-जा करतात. आवाजही नवा, दारंही सताड. त्या वेळी कुत्र्याला आतल्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन, दार लावून ठेवायचं. पाणी भरून झालं, फाटक लागलं, मग बाहेर.

गच्चीवर एकटं सोडू नका. कठडा बुटका असतो, आणि अचानक फटाका वाजला तर कुत्रं उंची बघून उडी मारत नाही.

त्याचा कोपरा ठरवा. येण्या-जाण्याच्या वाटेवर नको, स्वयंपाकघराला लागून नको, कारण कुकरची शिट्टी. दिवाणाच्या खालची जागा उत्तम. वरून चादर अशी सोडायची की तीन बाजू झाकल्या जातील, एक उघडी. या कोपऱ्याचा एकच कायदा: कुत्रं आत असताना कुणीही हात घालायचा नाही. औषध द्यायचं असेल तरी बाहेर बोलावून.

पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमागांची खटखट दिवसभर असणार. एकसारखा चालणारा आवाज बरीच कुत्री थोड्या दिवसांत सोडून देतात. त्यांना घाबरवतो तो अचानक होणारा. तरी पहिल्या रात्रीसाठी मागांपासून लांबची, आतली खोली निवडा.

पहिले तीन दिवस: काहीही शिकवायचं नाही

हे सगळ्यात अवघड जातं, कारण घरात उत्साह असतो. मुलांना खेळायचं असतं, काकूंना कुरवाळायचं असतं, शेजारच्यांना बघायचं असतं. "कसलं घाबरतंय ओ, जवळ घ्या की जरा!" असं कुणीतरी म्हणतंच. जवळ घ्यायचं नाही. कुत्र्याकडे थेट बघायचं नाही, त्याच्यावर वाकायचं नाही, डोक्यावरून हात फिरवायचा नाही. जमिनीवर, थोडं तिरकं बसून आपलं काम करायचं: भाजी निवडा, पेपर वाचा. ते स्वतःहून येऊन हुंगून गेलं तर गेलं. हुंगलं म्हणजे हात लावायची परवानगी मिळाली असं नाही.

हात लावायचाच असेल तर तीन सेकंदांची चाचणी करा. छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला तीन सेकंद हलकं खाजवा आणि हात काढून घ्या. कुत्रं पुढे सरकलं तर पुन्हा तीन सेकंद. तोंड वळवलं, ओठ चाटले, लांब सरकलं तर थांबा. मुलांना हीच रीत शिकवा, त्यांना ती लवकर जमते.

पहिल्या दिवशी जेवलं नाही तर गडबडून जाऊ नका. नव्या जागी पुष्कळ कुत्री एखादा दिवस खात नाहीत. पाणी मात्र प्यायलं पाहिजे. पाणीही बंद असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही तोंडात काही घालत नसेल, तर व्हेटला फोन करा. लहान पिल्लू, म्हातारं किंवा आजारी कुत्रं असेल तर इतकी वाटही बघू नका.

मोठं कुत्रं दिवसाला बारा-चौदा तास सहज झोपतं. घाबरलेल्याला नव्या घरात ही झोप मिळत नाही, आणि झोप तुटलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी अजून बुजतं. दुपारी दोन-तीन तास घर शांत ठेवणं हासुद्धा उपचार आहे.

अंगाची भाषा

भुंकणं आणि गुरगुरणं फार नंतर येतं. त्याआधी बारीक खुणा असतात. समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, पुढचा एक पाय उचलून धरणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, कान मागे चिकटणं, शेपूट पायात, उकाडा नसताना धापा, अंगावरून एकदम केस गळणं. आणि थिजणं. कुत्रं "शांत बसलंय" असं वाटतं, पण ते श्वास धरून बसलेलं असतं. लोक फसतात ते इथेच.

गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. गुरगुरणं म्हणजे तोंडाने दिलेला इशारा. तो देऊ नको असं शिकवलं, तर पुढच्या वेळी इशाऱ्याविना दात लागतात.

आणखी एक. भीती साठत जाते. सकाळी मिक्सर, मग गॅसवाल्याने दारात टाकी आपटली, दुपारी शेजारच्या नातवाची किंचाळी. यातलं प्रत्येक कुत्र्याने सोसलं, आणि संध्याकाळी नुसता चमचा पडला तर ते कॉटखाली गेलं. चमच्याला काही अर्थ नसतो, दिवसभराची बेरीज असते ती. असा दिवस गेला की संध्याकाळचं फिरणं लहान करा, शिकवणं पूर्ण बंद.

रोजचा दिवस

बुजऱ्या कुत्र्याला पुढे काय होणार हे कळलेलं आवडतं. उठणं, फिरणं, खाणं, झोप यांच्या वेळा मालकाकडे होत्या त्याच ठेवा आणि त्यात शक्यतो बदल करू नका.

अपवाद उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. पुण्याच्या कुत्र्याला याची सवय नसते. सकाळी साडेसहाच्या आत फिरून घरी, संध्याकाळी सूर्य बुडून रस्ता निवल्यावर. हाताचा मागचा भाग डांबरावर सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजणार. बंद गाडीत दोन मिनिटांसाठीही ठेवू नका. उन्हात खूप जोराने धापा टाकतंय, हिरड्या लालभडक, लाळ गळतेय, पाय लटपटतायत, तर ऊन लागलंय. सावलीत न्या, अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत गार पाणी ओता, पंखा लावा, आणि तसंच ओल्या अंगाने व्हेटकडे घेऊन जा.

फिरणं म्हणजे अंतर कापणं नव्हे. कुत्र्याला हुंगू द्या. एका खांबापाशी तीन मिनिटं उभं राहिलं तर राहू द्या. हुंगण्याने ते निवतं. सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा संभाजी तलावाकडे संध्याकाळच्या गर्दीत नेण्याचा मोह होतो, पण बुजऱ्यासाठी वसाहतीतल्या आतल्या, रुंद, रिकाम्या गल्ल्या बऱ्या. रोज तोच रस्ता घ्या. तोच कंटाळवाणा रस्ता त्याला हळूहळू आपलासा वाटू लागतो.

गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द असते. ती कुठे सुरू होते हे कुत्र्याशिवाय एकदा चालून बघून घ्या आणि रस्ता तसा ठरवा. समोरून टोळकं आलंच तर पळू नका, आपल्या कुत्र्याला उचलूही नका. पट्टा आखूड करा, स्वतः मध्ये उभे राहा, मूठभर बिस्किटं त्यांच्या दिशेने लांब फेका आणि कमानीसारखं वळण घेत निघा.

एक भीती निवडा, एकच

तीन-चार दिवस झाले, खाणं-झोप सुरळीत झाली, की मग एक लहान काम हातात घ्यायचं. निवडताना दोन कसोट्या: ती गोष्ट रोज घडणारी असावी, आणि तिचं अंतर किंवा आवाज आपल्या हातात असावा. फटाके, ढगांचा गडगडाट यात बसत नाहीत. एकटं राहण्याची भीतीही पाहुण्या मुक्कामात हातात घेऊ नये, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

टिकलीसाठी घंटागाडी निवडली होती. येण्याची वेळ साधारण ठरलेली, गाणं लांबून ऐकू येतं, आणि आपण घरात किती आत बसायचं हे आपल्या हातात. पद्धत अशी.

आधी खाऊ ठरवा. रोजचं कोरडं खाणं इथे चालत नाही. जे त्याला कधीतरीच मिळतं ते हवं. उकडलेल्या चिकनचे, बिनमिठाचे, शेंगदाण्याएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर. हा खाऊ फक्त या कामासाठी, एरवी नाही.

मग अंतर शोधा. कुत्र्याला आवाज ऐकू यावा, कान हलावेत, पण ते खाऊ घेत राहावं, एवढं लांब. आमच्याकडे ही जागा मागच्या खोलीत, मधली दोन दारं लावून, अशी निघाली. टिकली तिथे खायची. मधल्या खोलीत आणलं की चिकन नाकासमोर धरलं तरी तोंड वळवायची. घाबरलेल्या कुत्र्याच्या पोटाचं कामच मंदावतं, म्हणून खाऊ नाकारणं ही सगळ्यात खरी मोजपट्टी. नाकारलं म्हणजे आपण फार जवळ आलोय.

क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. गाणं ऐकू आलं की एक सेकंद थांबून तुकडा, पुन्हा तुकडा, गाणं चालू आहे तोवर देत राहायचं. गाणं थांबलं की खाऊ बंद, हातही मागे. उलट केलंत, म्हणजे आधी खाऊ दाखवला आणि मग आवाज आला, तर काही कुत्री खाऊलाच घाबरू लागतात.

काही दिवसांनी कुत्रं गाणं ऐकल्याबरोबर दाराकडे न बघता तुमच्या हाताकडे बघेल. हीच खूण. ती दोन-तीन दिवस सलग दिसली तरच पुढचं पाऊल, आणि पाऊल म्हणजे एक दार उघडं ठेवणं, एवढंच. खोली ओलांडायची नाही. वाईट दिवस आला तर मुकाट्याने मागच्या जागी जायचं. टिकली मुक्कामाच्या शेवटी मधल्या खोलीत बसून खाऊ घेत होती. फाटकापर्यंत ती आली नाही, आणि तिला आणायचंही नव्हतं.

पट्ट्याने ओढत "बघ, काही होत नाही" म्हणून गाडीजवळ नेणं, घाबरलं म्हणून चापट मारणं, कोंडून सवय लावणं, यातून कुत्रं शिकतं ते एवढंच की या घरातल्या माणसांवरही विसंबता येत नाही. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, असंही पुष्कळ जण सांगतात. तसं होत नाही. ते स्वतः येऊन चिकटलं तर बसू द्या, हळू आवाजात बोला, अंगावर हात ठेवा.

एकटं राहणं

मालक गेल्यावर घरात रडणारं, दार ओरबाडणारं, लाळ गाळणारं कुत्रं असेल, तर त्याला सवय लावायची पद्धत आहे: ते घाबरायच्या आत परत येणं. काहींच्या बाबतीत त्याची सुरुवात पाच सेकंदांपासून होते. हे काम मालकाने महिनोन्‌महिने करायचं असतं. तुमच्या मुक्कामात तुम्ही एवढंच बघा की ते एकटं राहणारच नाही. घरातल्यांच्या बाहेर जायच्या वेळा कागदावर मांडा. कुणीतरी कायम घरी. लग्नाला सगळ्यांनी जायचंच असेल तर कुत्र्याला ओळखीचं झालेलं एक माणूस थांबवा. एका संध्याकाळचं रडणं-ओरबाडणं मालकाची सगळी मेहनत मागे नेऊ शकतं.

जे कुत्रं एरवी एकटं राहतं, त्यालासुद्धा पहिले काही दिवस सोडू नका. मग दोन मिनिटं, दहा मिनिटं असं वाढवा. फोनवर व्हिडिओ लावून जा, म्हणजे मागे काय झालं ते दिसेल. जाताना थाळीला दही फासून ती फ्रीजरमध्ये गोठवलेली द्या. चाटत बसण्याने मन रमतं आणि अंगही सैल पडतं.

वरात, फटाके, वळीव

वेळ ठाऊक असेल तर दोन तास आधी फिरवून, खायला घालून घ्या. घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत कोपरा हलवा, खिडक्या लावा, पडदे ओढा. कूलरची घरघर बाहेरचा आवाज चांगली झाकते, मात्र कुत्र्याला कूलरची आधीपासून सवय हवी. नसेल तर टीव्ही. ते न्हाणीघरात जाऊन बसलं तर बसू द्या, दार उघडं ठेवून तिथेच चादर टाका. बाहेर नेऊ नका, पट्टा कितीही मजबूत असला तरी. मे महिन्यात वळिवाचे ढग दुपारनंतर भरून येतात. आभाळ दाटलं की हीच तयारी.

दरवेळी थरथर कापणारं, स्वतःला इजा करून घेणारं कुत्रं असेल तर मालकाने त्याच्या डॉक्टरांशी आधीच बोलून औषध लिहून घ्यावं, आणि ते एकदा साध्या दिवशी देऊन बघितलेलं असावं. आपल्या डब्यातली झोपेची किंवा तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरतात.

ताटातलं काय नको

शेंगाचटणीत लसूण असतो, भाजीत-रश्श्यात कांदा. दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतात. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत. आपल्या जिल्ह्यात घरोघरी बेदाण्याची पिशवी असते, खाली पडलेला एखादा उचलला जातो, आणि किती खाल्ल्यावर मूत्रपिंडं बिघडतील याचा नेम नसतो. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगगम, शिजवलेली हाडं, हेही नाही. खाल्ल्याचं कळलं तर उलटी व्हायची वाट न बघता व्हेटला फोन करा, काय आणि साधारण किती खाल्लं ते सांगा.

भाकरीचा कोर तुकडा, ताजं दही, मीठ न घातलेला भात थोडासा चालतो. पण आपलं प्रेम दाखवायला म्हणून खाणं बदलू नका. जुलाब लागले की कुत्रं आणखी बुजतं.

रोज रात्री कानांमागे, बोटांच्या बेचक्यात, काखेत गोचीड आहेत का ते बघा. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्याकडे नेहमीचा आहे. कुत्रं सुस्त, अन्न सोडलेलं, नाकातून रक्त असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

कुत्रं माणसाला चावलं किंवा त्याचं नख-दात लागून रक्त आलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन लसीचं विचारा. "घरचंच आहे, लस दिलीय" म्हणून घरी बसू नका. हळद, चुना जखमेवर लावू नका.

परत देताना

रोज रात्री चार ओळी लिहा: किती खाल्लं, शी-शू कशी, कशाला घाबरलं, सावरायला किती वेळ लागला. निवडलेल्या भीतीबद्दल नेमकं लिहा: "घंटागाडी, मधली खोली, पुढचं दार बंद, खाऊ घेतला, गाणं थांबल्यावर दोन मिनिटांत झोपली." "आता खूप धीट झालीय" असलं मोघम वाक्य मालकाच्या कामाचं नाही, आणि त्याने मालक घाई करतो.

मालक आल्यावर मिठ्या मारायची घाई नको. दार लावून, मग पट्टा सोडून, कुत्र्याला हवं तसं भेटू द्या. चादर, वाटी, उरलेला खाऊ सोबत द्या. घरी पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस पुन्हा काहीच शिकवायचं नाही, फक्त झोप, हे त्यांना सांगा. नंतर घंटागाडीचा सराव सुरू करायचा तो आपल्याकडे जिथे थांबला तिथून नाही, त्याच्या एक पाऊल मागून: त्यांच्या घरातली सगळ्यात आतली खोली, दारं बंद, हातात उकडलेलं चिकन.